उन्हाचा आकडा आणि उन्हातला माणूस

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तापमानाच्या आकड्याशेजारी गेल्या काही वर्षांपासून आणखी एक आकडा उमटू लागला आहे. सकाळी तो शून्य असतो, उन्हाळ्यातील दुपारी अकरा-बारापर्यंत चढतो आणि सूर्य मावळताना पुन्हा शून्यावर येतो. बहुतेकांची नजर त्यावरून घसरून जाते. ज्यांची थांबते, त्यांतील पुष्कळांना तो चेहऱ्याला लावावयाच्या मलमाच्या जाहिरातीचाच एक भाग वाटतो. आणि हा समज दृढ करण्यास त्या मलमांच्या कारखानदारांनी यथाशक्ति हातभार लावला आहे. वस्तुतः सार्वजनिक पैशाने चाललेल्या विज्ञानाने सामान्य माणसाच्या हाती दिलेली ही एक अत्यंत उपयुक्त माहिती आहे. ती कोणाच्या हाती पडते, आणि जिची ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याच्या हाती पडली तरी तो तिचे काय करू शकतो, हा प्रश्न मात्र विज्ञानाचा राहत नाही. तो मजुरीचा, कामाच्या तासांचा आणि कायद्याचा होतो.

हा आकडा म्हणजे अतिनील निर्देशांक. मराठी विश्वकोशाने ज्यांना जंबुपार म्हटले, ते सूर्याचे अदृश्य किरण जमिनीवर किती तीव्रतेने पोचत आहेत, आणि त्यांतले माणसाच्या कातडीला भाजून काढणारे किती आहेत, याचे हे माप. दर चौरस मीटरला अशा भारित किरणांचे २५ मिलिवॅट म्हणजे निर्देशांकाचा एक अंक. दोनपर्यंतचा आकडा सौम्य, तीन ते पाच मध्यम, सहा व सात उच्च, आठ ते दहा अति उच्च आणि अकरापासून पुढे पराकोटीचा, अशी त्याची प्रतवारी जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली आहे. आदल्या दिवशीच हा अंदाज वर्तविता येतो, कारण त्याला लागणारी सामग्री बरीचशी ठाऊक असते. सूर्य आकाशात किती उंच येणार हे पंचांगकर्त्यालाही सांगता येते. वरच्या हवेतील ओझोनचा थर उपग्रहांच्या साह्याने मोजला जातो. स्थळाची समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली असते. ढगांचे तेवढे पक्के सांगता येत नाही. त्यातही विरळ ढगांतून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली उतरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि आभाळ आले म्हणून ते निर्धास्त होतात.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. हा आकडा उष्म्याचा नव्हे. उष्मा अंगाला जाणवतो, घाम फुटतो, जीव सावलीकडे ओढ घेतो. अतिनील किरणांची जाणीव कोणत्याही इंद्रियाला होत नाही. गार वारा सुटलेल्या महाबळेश्वरच्या पठारावर हा आकडा कोकणातल्यापेक्षा अधिक असू शकतो, कारण दर हजार मीटर उंचीमागे ही तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. दिवसातील वेळेचाही फरक आहे. हवा सर्वांत अधिक तापते ती दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास. अतिनील किरण शिगेला पोचतात ते सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे त्याच्या दोन-तीन तास आधीच. शरीराला जे कळत नाही ते आकड्याने कळवावे, एवढेच या अंदाजाचे प्रयोजन आहे.

असा दैनंदिन अंदाज देशव्यापी प्रमाणावर जनतेसाठी प्रथम प्रसिद्ध केला तो कॅनडाच्या हवामान खात्याने, मे १९९२ मध्ये. दक्षिण ध्रुवावरील ओझोनच्या थराला दर वसंतात पडणाऱ्या खिंडाराची वार्ता १९८५ मध्ये जगाला कळली होती, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला होता, आणि लोक भयभीत होऊन काय करावे असे विचारीत होते. त्या भयाला शासकीय शास्त्रज्ञांनी दिलेले हे शांत, मोजलेले उत्तर होते. भारत या शास्त्रात काही काल-परवा उतरलेला नाही. १९२८ मध्ये जगातील मोजक्या ठिकाणी ओझोनमापनाची डॉब्सन उपकरणे बसविण्यात आली, त्यांत कोडाईकनाल होते. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या वेधशाळेत अ‍ॅना मणी या विदुषीने हवामानाची उपकरणे देशातच घडविण्याचा ध्यास घेतला, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आणि पुढे फुग्यातून वर सोडावयाचे भारतीय ओझोनमापकही सिद्ध केले. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१० मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या आणि नंतर पुणे-मुंबईकडे आणलेल्या 'सफर' या योजनेत हवेच्या प्रदूषणाबरोबर अतिनील निर्देशांकालाही स्थान मिळाले. तेव्हा ज्ञान नाही, उपकरणे नाहीत, माणसे नाहीत अशी सबब येथे कोणालाही सांगता येणार नाही.

माहितीचा वापर कसा करावा हे पाहावयाचे तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे लागते. गोऱ्या कातडीची माणसे आणि प्रखर ऊन यांची तेथे इतिहासाने गाठ घालून दिली. परिणामी त्या देशात सत्तरी गाठेपर्यंत तिघांपैकी दोघांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो असा हिशेब आहे. १९८१ पासून तेथे सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला, अशी मोहीम चालू आहे. शाळांतून टोपी नसेल तर मैदानात खेळ नाही, हा दंडक झाला. परंतु अनुकरणीय आहे ती एक साधी गोष्ट. तेथील अंदाजात दिवसाचा सर्वोच्च आकडा तर देतातच. पण निर्देशांक तीन किंवा त्याहून अधिक कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत राहील, ते घड्याळाच्या भाषेत सांगतात. आकड्याचा अर्थ लावण्याचे काम ते वाचकावर टाकीत नाहीत. कामकरी माणसाला आकडा नको असतो, वेळ हवी असते.

आपल्याकडे मात्र तीन ही मर्यादा जशीच्या तशी उचलून चालणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मापनाची काहीच सोय नसेल तेव्हा सावलीकडे पाहावे असा एक सोपा नियम आहे: माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण प्रखर झाले असे समजावे. हा नियम मुंबईला लावून पाहावा. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, डिसेंबरच्या बाविसाव्या तारखेच्या मध्यान्हीही मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे भर हिवाळ्यातही सावली माणसाहून आखूडच पडते. मेच्या मध्यास तर सूर्य नेमका डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून मुलांना तो दाखविण्यात येतो, आणि त्या दिवसांत सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत सावली उंचीहून आखूड राहते. अशा देशात वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस 'काळजी घ्या' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. तोच इशारा रोज मिळाला की तो कोणी ऐकत नाही. येथे अंदाजाचे काम निराळे आहे: आजच्या दिवसात कोणते दोन, तीन किंवा चार तास उन्हात काढू नयेत, हे त्याने सांगावे.

घड्याळाचाही एक घोटाळा आहे. भारतीय प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. महाराष्ट्र तिच्या पश्चिमेला. त्यामुळे घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली हे येथे खरे नाही. मेच्या मध्यास मुंबईची खरी मध्यान्ह बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या आसपास होते, नागपूरची बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या बांधकामावर धोक्याची वेळ साधारण साडेदहापासून अडीचपर्यंत. एक वाजता जेवणाची सुट्टी होते तेव्हा मजूर सर्वांत वाईट अडीच तास उन्हात उभा राहून आलेला असतो.

आता कोणी म्हणेल की त्वचेचा कर्करोग हा गोऱ्यांचा रोग. सावळ्या माणसाला निसर्गाने कवच दिले आहे, मग ही उठाठेव कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. भारतीयांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण युरोपीयांच्या मानाने फारच कमी आहे. ज्यांच्या कातडीवर कोड आहे किंवा ज्यांना जन्मतःच रंगद्रव्य नाही, अशांना धोका मोठा असतो, इतरांना थोडा. पण डोळ्याच्या भिंगाला कातडीचे कवच नसते. वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्याला मोतीबिंदू लवकर होतो, बुबुळावर मांसाचा पडदा चढतो. जगातील मोतीबिंदूंपैकी वीस टक्क्यांपर्यंत अतिनील किरणांमुळे उद्भवतात किंवा बळावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचे आढळले. सगळेच उन्हामुळे नव्हे. वय, मधुमेह, तंबाखू, चुलीचा धूर ही कारणे आहेतच. परंतु जे कारण टाळता येते ते टाळले पाहिजे. शिवाय गोऱ्या माणसाची कातडी भाजून लाल होते आणि त्याला सावध करते. सावळ्या माणसाला ती सूचनाही मिळत नाही. त्याचा डोळा तीस वर्षे मुकाट्याने झिजतो. हे केस उन्हात पांढरे झाले नाहीत, असे आपल्याकडे वडीलधारे अभिमानाने म्हणतात. ज्यांचे डोळे खरोखरच उन्हात पांढरे झाले, त्यांना तो अभिमान कोठून असणार?

ऊन हा शत्रू आहे, असाही अर्थ कोणी काढू नये. अंधाऱ्या खोल्यांतून, कार्यालयांतून आणि बुरख्या-पदराआड वावरणाऱ्यांत जीवनसत्त्व 'ड' ची उणीव या सूर्यप्रकाशाच्या देशातही सर्रास आढळते, आणि ते जीवनसत्त्व याच किरणांनी तयार होते. कोवळ्या उन्हाचे कौतुक आपल्या परंपरेत फार. पण कोवळ्या उन्हात ते किरण अगदी थोडे असतात. दिवस चढल्यावरचे थोडा वेळचे ऊन त्यासाठी पुरते. एकाला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत आणि दुसऱ्याला आठ तास चुकत नाहीत. ही विषमताच आहे. फक्त तिची वाटणी उलटी पडली आहे.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणून जिची व्याख्या करतात, तिचे हवामानाचा अंदाज हे उत्तम उदाहरण होय. एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि आणखी एकाला सांगण्याचा खर्च जवळजवळ शून्य. पण माहिती फुकट असली तरी तिच्याप्रमाणे वागणे फुकट नसते. बँकेतल्या कारकुनाने आकडा पाहून दुपारचे काम संध्याकाळवर टाकले तर त्याचे काहीच बुडत नाही. स्वतःच्या रानात राबणारा शेतकरी तांबडे फुटताच औत धरतो आणि दुपार झाडाखाली काढतो; त्याला निर्देशांक ठाऊक नव्हता, पण त्याची वेळ त्याच्या मालकीची होती. ऊसतोडीच्या कोयत्याला टनावर पैसे मिळतात. गाडी भरली नाही तर मुकादमाची उचल फिटत नाही. त्या नवरा-बायकोला बारा ते तीन थांबा असे सांगणे म्हणजे त्यांना दंड करण्यासारखे आहे. डांबराच्या रस्त्यावरची बाई, चौकातला वाहतूक पोलीस, हातगाडीवाला, मिठागरातला कामगार, आता दुचाकीवरून घरोघर डबे पोचविणारा तरुण: यांपैकी प्रत्येकाला उन्हाचा तास मोडण्याची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. आणि तो न मोडण्याची किंमतही तोच देतो, पण तीस वर्षांनी, नेत्रशिबिराच्या रांगेत. तोवर ठेकेदार बदललेला असतो, कामाची नोंद कोठेच नसते. नफा आजचा, नुकसान उद्याचे, आणि दोघांचे धनी निराळे. अशा व्यवहारात बाजार आपोआप काही दुरुस्त करील ही अपेक्षा भाबडी आहे.

म्हणून केरळचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथील कामगार खाते किमान वेतनाच्या १९५८ च्या नियमांचा आधार घेऊन उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांचे तास बदलते: दुपारी बारा ते तीन विश्रांती, आणि सकाळी सात ते सायंकाळी सात यांच्या दरम्यान आठ तास काम. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठिकठिकाणच्या मापकांवरून अतिनील निर्देशांक जाहीर करण्यास सुरुवात केली, आणि पालक्काडसारख्या ठिकाणी तो अकरावर गेल्याचे इशारे दिले. एका हाताला आकडा आणि दुसऱ्या हाताला आदेश, अशी ही जोडी आहे. यात एक उणीव दिसते. बारा ते तीन ही वेळ उष्म्याच्या हिशेबाने ठरलेली आहे. अतिनील किरणांचा जोर अकराच्या आधीच वाढलेला असतो. दोन्ही इजा टाळावयाच्या तर विश्रांती अकराला सुरू व्हावी लागेल. पण आदेशच नसलेल्या राज्यांनी ही उणीव केरळला दाखवावी, हे शोभणारे नाही.

महाराष्ट्रात या विचाराला आधार नाही असे नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरविण्याची पद्धत येथे रूढ आहे. मुलांसाठी समाजाने घड्याळ हलविले ते कोणत्याही निर्देशांकाची वाट न पाहता. १९७२ च्या दुष्काळात दगड फोडणाऱ्या लाखो हातांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांतीचा वेळ यांची तरतूद लेखी केली. सावली हा शब्द कायद्यात आला ही मोठीच गोष्ट. पण ती मुलांसाठी होती. खडी फोडणाऱ्या त्यांच्या आईसाठी नव्हती.

नुकसानभरपाईच्या कायद्यात तर याहून चमत्कारिक गोष्ट आढळते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत पुढे मोतीबिंदूला स्थान मिळाले. मात्र तो अवरक्त किरणांनी, म्हणजे भट्टीच्या धगीने झालेला असला पाहिजे. काचेच्या भट्टीपुढचा डोळा कायद्याला दिसला, सूर्यापुढचा दिसला नाही. याउलट जर्मनीने २०१५ पासून उन्हात काम केल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाच्या काही प्रकारांना व्यावसायिक रोग म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी २०२३ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात १६० कोटी माणसे उघड्यावर काम करताना अतिनील किरणांना सामोरी गेली, आणि त्वचेच्या कर्करोगाच्या मेलॅनोमाखेरीज इतर प्रकारांनी या कारणाने दगावलेल्यांची संख्या १८,९६० होती. २००० सालच्या मानाने जवळजवळ दुप्पट. व्यवसायजन्य मृत्यू असे त्यांना त्या अहवालात म्हटले आहे. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही. पण त्याच्याखाली कोण किती वेळ उभे राहील, हे ठरविणारा कोणीतरी असतोच.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर शासकीय सन्मानाच्या समारंभाला लोटलेल्या जनसमुदायातील चौदा जणांना प्राण गमवावे लागले. तो उष्माघात होता, अतिनील किरणांची इजा नव्हे, हा भेद राखला पाहिजे. पण मैदानावर छत असते तर दोन्हींपासून रक्षण झाले असते. अंदाज त्या दिवशीही उपलब्ध होता. तो वाचून वेळ बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता ते उन्हात बसावयाचे नव्हते.

हा ठपका फक्त शासनावर ठेवून कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. मोर्चे भर दुपारी निघतात, धरणे अकराला सुरू होऊन चारला उठते, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया डोक्यावर पदर ओढून डांबरावर बसून राहतात, कारण पुढाऱ्याची गाडी एकला यावयाची असते. डोक्यावर टोपी असली म्हणजे झाले, हा समजही सोडावा लागेल. पांढरी टोपी टाळूचे रक्षण करते. तिला कडा नसल्याने डोळे, कान आणि मान उघडीच राहतात. या बाबतीत मुंडासे किंवा कडेची गवती टोपी पुष्कळच श्रेष्ठ. कापडाचेही तसेच: विरळ विणीचे पातळ कापड, आणि तेही घामाने भिजले की, किरण बरेच आत सोडते, दाट विणीची जाडीभरडी खादी ते अधिक अडविते. काळा चष्मा हा चैनीचा नव्हे तर अवजारांच्या पेटीत ठेवावयाचा जिन्नस आहे, फक्त तो अतिनील किरण अडविणारा हवा. नुसती रंगीत काच असेल तर तिच्या अंधारात बाहुली मोठी होते आणि किरण उलट अधिक आत शिरतात. मलमाचा क्रमांक या सर्वांच्या नंतरचा आहे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडणारे नाही.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान सांगितले जाते. त्यात उद्या अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत ऊन टाळावे, असे एक वाक्य घालता येईल. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मजूर अड्ड्यावर तेच वाक्य खडूने लिहिता येईल. बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळाकडे उपकराचा पैसा जमा होत आला आहे. त्यातून चष्मे, कडेच्या टोप्या आणि कामावरच उभी करता येतील अशी छप्परे देता येतील. सर्वांत महत्त्वाची मागणी तासांची आहे: मार्चपासून जूनपर्यंत अकरा ते तीन उघड्यावरचे काम बंद, मजुरीत कपात नाही, आणि टनावर किंवा उक्त्यावर काम करणाऱ्यांसाठी त्या महिन्यांचा दर वाढवून. ऊसतोडीचे दर ठरविणाऱ्या वाटाघाटी कारखाने आणि मजूर संघटना यांच्यात वेळोवेळी होतात. पुढच्या वाटाघाटींच्या मागणीपत्रात टनाच्या दराखाली उन्हाच्या तासांचे कलम घालण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.